पोपना काही होऊ नये

आमची ओळख एका जिवंत माणसाच्या मृत्युलेखावरून झाली. वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, ऐन वेळी धांदल नको म्हणून. पोपचा माझ्या वाट्याला आला होता. तो घेऊन मी संदर्भांच्या खोलीत शिरले, तर खिडकीपाशी अंकाची पानं लावणारा नवा माणूस डबा खात बसलेला. बाहेर भुरभुर चालली होती.

"शीर्षक काय? जागा बघून ठेवतो," तो म्हणाला.

"उदारमतवादी पोप."

तो चक्क हसला. "गरिबांना जवळ घेतलं, पोरांशी हसले, म्हणजे उदारमतवादी? बायकांना धर्मगुरू होऊ दिलं का त्यांनी? माणूस पक्का जुन्या वळणाचा आहे हो."

"परधर्मीयांच्या दारी गेले, ते?"

"गेले की. घरचे नियम मात्र जिथल्या तिथे!"

असा राग आला मला... आणि डोळे तर इतके छान होते मेल्याचे!

पुढे पोप काही नवं बोलले की लेख ताजा करावा लागे. काम दहा मिनिटांचं, पण आमची अख्खी दुपार जायची. मी पोपना उदार म्हणायचे, तो परंपरावादी. भांडता भांडता तो संत्रं सोलायचा आणि न विचारता अर्धं माझ्यापुढे सरकवायचा. आजही संत्र्याचा वास आला की मला ती खोली आठवते.

आईच्या सगळं लक्षात आलं होतं. पोपना साधी सर्दी झाली तरी तिचा जीव खालीवर. "बरे आहेत ना गं ते? त्यांना काही झालं तर तुझं कसं व्हायचं?"

आणि एका सकाळी पोप गेले.

पान दुपारीच लागलं. संपादकबाईंनी आमचे दोन्ही शब्द उडवले आणि 'लोकांचे पोप' असं शीर्षक दिलं. इतक्या वर्षांचं भांडण एका फटक्यात निकालात! खोलीत आम्ही दोघंच उरलो. भांडायला काही नव्हतं.

"मला दुसऱ्या गावाहून नोकरीचं बोलावणं आलंय," तो म्हणाला. "सोमवारी निघतोय."

मी लागलेलं पान उगाच पुन्हा वाचू लागले.

"तुम्हाला... काही म्हणायचं नाही?" त्यानं विचारलं.

"मी काय म्हणणार? असलं मुलानं आधी विचारायचं असतं!"

तोंडातून निघून गेलं. तो बघतच राहिला.

"आणि जुन्या वळणाचे म्हणे पोप?" तो म्हणाला. "अहो, मी आधी विचारलं असतं तर तुम्हीच हिणवलं असतं. वाटलं, एवढी नव्या विचारांची बाई, विचारायचं तर तीच विचारेल. म्हणून थांबलो!"

तो माझ्या नव्या विचारांचा मान राखत बसला होता, मी जुन्या रीतीचा. दोघंही वेडेच!

"जाऊ नकोस," मी म्हटलं. अरे-तुरे कधी सुरू केलं, मलाच कळलं नाही. "लग्न कर माझ्याशी."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय."

"मग बोलणंच खुंटलं," म्हणत त्यानं माझा हात हातात घेतला — आणि मला रडूच फुटलं. तेवढ्यात संपादकबाई दारातून डोकावल्या. समोर पोपचं पान, मी हुंदके देतेय...

"मोठ्या मनाची आहे हो पोरगी," त्या हळहळत म्हणाल्या, आणि दार अलगद लोटून गेल्या.