तेवढी एक चूक

मैलापूरच्या त्या जिन्यापाशी आम्ही पहिल्यांदा समोरासमोर आलो, तेव्हा मी त्याला चोर म्हणाले होते. तोंडावर नाही... फोनवर, आईला, मराठीत. चेन्नईत मला तेवढीच एक चैन होती. कुणाच्याही पुढ्यात उभं राहून त्याच्याबद्दल काहीही बोलावं, कुणाला काही कळत नाही.

"थांब गं आई," मी म्हणाले, "इथे एक लंबूटांग माणूस केव्हाचा चपला न्याहाळत उभा आहे. चोरच दिसतोय. माझ्या नव्या आहेत."

लंबूटांग माणसाने मान वर केली नाही. जिन्याखालच्या चपलांच्या ढिगात पायाने चाचपत तो शांतपणे म्हणाला, "चोर नव्हे हो, बाई. माझी एक सांपडत नाहीं."

भाषा मराठीच होती, पण कुठल्या गावची ते कळेना. शब्द जुने आणि वाक्याच्या शेवटी तमिळसारखा हेल. मी अर्धी मेले. त्याने वर पाहिलं आणि तो हसला... हसताना त्याचा डावा डोळा जरा बारीक झाला. त्याची हरवलेली चप्पल माझ्याच पायाखाली होती. मी पाय उचलला आणि सॉरीसुद्धा न म्हणता जिना चढून वर गेले.

वर, भांड्यांच्या दुकानाच्या माथ्यावर, महालक्ष्मी मॅडमचा इंग्लिशचा क्लास होता. परदेशी नोकरीचा व्हिसा हवा असलेले सगळे तिथे येत. मी गेले तेही त्यासाठीच. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात मी क्वालिटीमध्ये आहे. इथे बिघडलेल्या भागावर लाल चिठ्ठी लावायची एवढंच माझं काम. इंग्लंडमधल्या एका कारखान्याने मला निवडलं होतं आणि तिथे, तो भाग मुळात बिघडूच नये म्हणून काय करायचं हे ठरवणाऱ्यांत मी बसणार होते. ते मला फार हवं होतं. मध्ये आडवी होती फक्त इंग्लिशची परीक्षा. एकदा देऊन झाली होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं सगळं ठीक. बोलण्यात थोडक्यात राहिले. परीक्षक समोर बसले की माझं इंग्लिश घशातच फतकल मारून बसतं. कंपनीने आणखी एकदा संधी दिली होती. या वेळी जमलं नाही, तर जागा दुसऱ्या कुणाची.

मॅडम कडक. त्यांच्या क्लासात दोघादोघांच्या जोड्या असत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या चुका टिपायच्या आणि तास संपल्यावर एकेक सुधारून सांगायची. मला जोडीदार म्हणून मिळाला तो खाली कॉफी पिऊन, दोन्ही चपला जागेवर ठेवून वर आलेला लंबूटांग.

त्याचं नाव विश्वेश राव. सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत, घर मैलापुरातच, मूळचं तंजावरचं मराठी घराणं. "तीनशें वर्षांवर झालीं आम्हांस येऊन," तो म्हणाला, "आम्ही मराठी सोडली नाहीं. मराठीनें आम्हांस सोडलें असेल, तें ठाऊक नाहीं." मग तो इंग्लिशमध्ये बोलू लागला... आणि माझ्या डोक्यात पहिली लाल चिठ्ठी लागली.

कारण त्याचं इंग्लिश बातम्या देणाऱ्यासारखं होतं. ज्याला पोहता येतं तो पोहायच्या क्लासला कशाला येईल?

संशय घेणं हे माझं कामच आहे. लाइनवरून आलेला प्रत्येक भाग माझ्या दृष्टीने आधी खराब असतो, तपासल्यावर मग चांगला ठरतो. आई म्हणते, ही सवय माणसांना लावू नकोस, लग्न जमायचं नाही. पण मी काय करू? आमच्या लाइनवरच्या सौम्याला एका गोडबोल्या एजंटाने परदेशातली अशी नोकरी मिळवून दिली होती की जी कुठे नव्हतीच. तोही असाच एका क्लासात भेटला होता म्हणे. मग मी विश्वेशवर नजर ठेवली.

तसं बघायला गेलं तर नजर ठेवायला निमित्त लागत नव्हतंच. मी बोलत असताना तो पेन ओठांशी धरून ऐकायचा. "मायसेल्फ चारुलता" म्हटलं की पेन हलायचं. "आय अॅम हॅविंग टू सिस्टर्स" म्हटलं की पुन्हा हलायचं. तास संपला की तो एकेक चूक अशी हळूच काढायचा, जणू पायातला काटा काढतोय. माझं इंग्लिश घशातून हळूहळू वर येऊ लागलं. त्याच्यासमोर मी बोलत सुटायचे... आणि मग घरी जाताना बसमध्ये स्वतःवरच चिडायचे.

कारण चिठ्ठ्या वाढत होत्या. मॅडमनी प्रश्नाचं कार्ड उलटायच्या आधीच त्याला प्रश्न ठाऊक असायचा. 'तुमचं गाव' या विषयावर एकदा तो कुंभकोणमबद्दल बोलला, पुढच्या वेळी कोइम्बतूरबद्दल, दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणून. एका शनिवारी त्याला बहीण होती, रविवारी नव्हती.

मग एकदा कार्ड आलं: ज्याला अधिक ओळखून घ्यावंसं वाटतं अशा माणसाविषयी बोला. विश्वेशने कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला. इंग्लिशमध्ये, एक शब्द न अडखळता. म्हणाला, एक मुलगी आहे, ती इडली खायच्या आधी उलटून तपासते. रिक्षात बसली की आधी ब्रेकचा आवाज ऐकते. ती हसते तेव्हा मला वाटतं, आज आपण पास झालो.

खिडकीतून समुद्राकडचा वारा येत होता, आणि तरी मला उकडायला लागलं. मी त्याची एकही चूक टिपली नाही. एकही नव्हती म्हणा.

त्या दिवशी तास संपल्यावर मी पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखं म्हणाले, "ओके, आय विल कम." त्याने नेहमीसारखी मान डोलावली. डावा डोळा बारीक झाला.

मी गाणं गुणगुणत खोलीवर पोचले, आणि माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या हरिणीने त्या गाण्यावर पाणी ओतलं. हरिणी त्याच क्लासात, पण आठवड्याच्या मधल्या वारी जायची. ती सांगत होती, त्यांच्यात वेंकट म्हणून एक जण आहे. कॅनडाला आचारी म्हणून जाणार आहे. आचारी असून काय सुरेख इंग्लिश बोलतो. "उंच आहे," ती म्हणाली, "आणि हसला की एक डोळा बारीक होतो."

कुठला, ते मी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मॅडमनी माझी सराव परीक्षा स्वतः घेतली. मी बरी बोलले. संपल्यावर त्या म्हणाल्या, थँक यू, चारुलता. मी उठले आणि म्हणाले, "ओके मॅडम, आय विल कम."

मॅडमनी चष्मा काढला. कुठे येणार आहेस, असं विचारलं. मी म्हणाले, कुठे नाही, घरी जाते आहे. त्या थक्क. निघताना इंग्लिशमध्ये कुणी 'मी येईन' म्हणत नाही, समोरचा वाट बघत बसेल, असं त्यांनी मला समजावलं आणि मग विश्वेशकडे वळल्या. इतक्या दिवसांत एकदाही ही चूक टिपली कशी नाही, असं विचारलं. विश्वेशने पेनाला टोपण लावलं.

माझा हिशेब तिथेच जुळला. 'द' आणि 'ए' सुद्धा न सोडणाऱ्या माणसाने रोजची एवढी ढळढळीत चूक सोडली. म्हणजे मुद्दाम सोडली. मी नापास व्हावं म्हणून.

कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्याकाठी मी त्याला गाठलं. तुम्ही-बिम्ही कधीच सोडलं होतं.

"वेंकट," मी हाक मारली.

तो थांबला. वळला. मला सगळं कळलंय हे त्याने ओळखलं, ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. मग त्याने कबूल केलं, सरळ, इंग्लिशमध्ये. महालक्ष्मी मॅडम त्याच्या सख्ख्या आत्या. मुलं त्यांच्यापुढे घाबरून गप्प बसतात, पण शेजारच्या विद्यार्थ्यापुढे मोकळी बोलतात, म्हणून त्या भाच्याला प्रत्येक बॅचमध्ये विद्यार्थी म्हणून बसवतात. कधी वेंकट, कधी कार्तिकेय. त्याला स्वतःला कुठेही जायचं नव्हतं. पासपोर्टसुद्धा नव्हता.

"म्हणजे इडली उलटून बघणारी मुलगी हाही सरावच?"

तो इंग्लिशमध्ये सुरू झाला. फार छान सुरू झाला. मी हात वर केला.

"इंग्लिशमध्ये तू काहीही बोलतोस. कुंभकोणमही रडवतं तुला आणि कोइम्बतूरही. मराठीत सांग."

बातम्या देणारा माणूस पार अडला. त्याची मराठी आईबरोबर स्वयंपाकघरात बोलायची, भात, रसम आणि पाहुण्यांपुरती. मी वाट बघितली. मला वाटलं, पळणार.

"विश्वेश म्हणून कोणापुढें कधीं बसलों नाहीं," तो म्हणाला. "तुजपुढें बसलों. नांव तूं विचारलेंस त्या दिवशीं... खोटें निघालें नाहीं तोंडांतून."

"आणि माझी चूक? ती का सोडलीस?"

"आमच्या घरीं जातों असें कोणी म्हणत नाहीं. येतों म्हणतात. आई म्हणते, जातों म्हटलें कीं माणूस जातो. तूं रोज येतें म्हणून जात होतीस. सुधारलें असतें तर तूं बाय म्हणाली असतीस. तें मज... नको होतें."

तळ्यावरून वारा आला. माझ्या ओढणीचं टोक त्याच्या हाताला लागलं, आणि दोघांनीही ते बाजूला केलं नाही.

"मी नापास झाले असते तर?"

"तूं पास व्हावीस असें वाटतें," तो म्हणाला. "होऊं नयेस असेंही वाटतें. दोन्ही खरें आहे. एक खोटें करून सांगूं काय?"

एवढं चुकतमाकत, एवढं घाम पुसत कुणी खोटं बोलत नाही. हे मला त्या क्षणी पटलं, पण मी त्याला तसं सांगितलं नाही. तपासावं लागेल, एवढंच म्हणाले. त्याने मान डोलावली, कॉफी घेणार का विचारलं. मी घेतली. टंबलर उलटून बघितला नाही, हे त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

तपासणी परीक्षेपर्यंत चालली. तो हरिणीच्या बॅचला स्वतः खरं नाव सांगून आला. मॅडम भडकल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुरणपोळीच्या जेवणाला घरी बोलावलं. माझी ती चूक त्याने अखेर सुधारली, तळ्याकाठीच, पुन्हा पुन्हा. मी म्हणायचे "आय विल कम", तो म्हणायचा, "नाहीं. गुडबाय." आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवायचा.

परीक्षेत कार्ड आलं: तुमच्याशी कुणी खोटं बोललं होतं, त्या प्रसंगाविषयी सांगा. मला हसूच आलं. मी जी सुरू झाले ती परीक्षकांना थांबवावं लागलं. शेवटी मी नीट, स्पष्ट "गुडबाय" म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यातच रडले.

मी पास झाले. बोलण्यात तर सगळ्यांत चांगले मार्क पडले.

विमानतळावर आई-बाबा कराडहून आले होते. विश्वेश जरा बाजूला उभा होता, हातात मॅडमनी दिलेली थालीपिठाची पुडी. आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि जिन्यातला तो चोर हाच का, असं माझ्या कानात विचारलं. हो म्हटल्यावर तिने पुढे जाऊन त्याच्या चपलांची चौकशी केली.

मग आत जायची वेळ झाली. मला अजून एकदा तपासायचं होतं. सवय जात नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मॅडमसुद्धा खूश होतील अशा उच्चारात म्हणाले, "गुडबाय, विश्वेश."

त्याने हसायचा प्रयत्न केला. डावा डोळा बारीक झाला नाही, नुसता भरून आला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "एक चूक नाहीं."

"मग तोंड का पडलं?"

मी त्याच्या हातातली पुडी घेतली. त्याची बोटं सुटेनात, माझीही सुटेनात.

"ओके," मी म्हणाले, "आय विल कम."

त्याने ते सुधारलं नाही.