विटेवरचं नाव

मिरज सोडली की पाणंदवाडीचा रस्ता अरुंद होतो. त्या दिवशी माझ्या पुढे विटांनी भरलेली ट्रॉली होती. ती बाजू देईना आणि मला दम धरवेना, म्हणून मी सारखा हॉर्न वाजवत होते. गतिरोधकावर ट्रॉली आदळली, वरची एक वीट सुटली आणि थेट माझ्या स्कूटीच्या चाकापुढे पडली. मी कचकन ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर थांबला. चालवणारा उडी मारून खाली आला. उंच, सावळा, केसांवर लाल धूळ.

"लागलं न्हाई न्हवं?"

"लागलं असतं तर?"

"तर मिरजेला न्हेलं असतं. तिथं लय दवाखानं हायत," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "एवढा हॉर्न वाजवत हुतासा, मला वाटलं मागं मंत्रीच हायत."

"ही तुमची वीट घ्या."

"ऱ्हाऊ द्या की. आमच्याकडची भेट."

आणि तो हसला. त्याचा एक गाल आधी हसतो, दुसरा जरा मागाहून… मला काय करायचं होतं त्याच्या गालाशी? मला उशीर होत होता. वीट स्कूटीवर पायाशी ठेवली आणि निघाले. विटेवर ठसठशीत अक्षरं होती — विजया.

मी वल्लरी, सांगलीची. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते. पर्यावरणपूरक शाळा बांधायला सरकार मदत देत होतं, त्यात पाणंदवाडीची शाळा निवडली गेली होती आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. माझं पहिलंच स्वतंत्र काम. खेळती हवा, पावसाचं पाणी साठवायची टाकी, छतावर सौर पॅनेल, सगळं मी हौसेने काढलं होतं. फक्त एक अट गावाला अजून कुणी सांगितली नव्हती. भट्टीत भाजलेली वीट चालणार नव्हती. भिंती यंत्राने दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या हव्या होत्या. हे मान्य असल्याचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत झाला नाही, तर मदत दुसऱ्या गावाला जाणार होती.

शाळेच्या दारातच सरपंच लालासाहेब भेटले. "या मॅडम. इटांची काळजी करू नगा. आमच्या धैर्यशीलनं शाळंला सगळ्या इटा फुकट द्यायचं कबूल केलंय. ही बघा, आलीच ट्रॉली."

ट्रॉली तीच होती, आणि चालवणाराही तोच.

मी अट सांगितली. लालासाहेब टोपी काढून डोकं खाजवू लागले. धैर्यशीलने हातातली वीट माझ्यापुढे धरली.

"म्हंजी आमची वीट वाईट?"

"वीट वाईट नाही हो. धूर… भट्टीचा धूर."

"त्या धुरावरच आमचं घर चालतंय, मॅडम." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ग्रामसभेत बोलू."

तो गेल्यावर लालासाहेबांनी मला समजावलं. गावातली तरणी पोरं धैर्यशीलच्या शब्दाबाहेर नव्हती. तो नाही म्हणाला की ठराव पडलाच. "आन त्येचंबी चुकत न्हाई. हिकडं भट्टीवाली माणसं इटंवर बायकोचं नाव टाकत्यात. शाळंच्या भिंतीत ते नाव जावं, ही त्या घराची लय जुनी हौस हाय."

बायकोचं. म्हणजे विजया ही…

एखाद्या भट्टीवाल्याची बायको असली तर माझं काय बिघडत होतं? काही नाही. तरी घरी गेल्यावर बाबा म्हणाले, "वल्लरी, किती येरझाऱ्या घालशील? फरशी झिजेल." मी बसले आणि लगेच पुन्हा उठले.

मोजमापं एकदा घेऊन भागण्यासारखी होती. एप्रिलभर मी ती पुन्हा पुन्हा घेतली. जुन्या शाळेचे पत्रे असे तापायचे की वर्गात बसवत नसे, आणि भट्टीच्या बाजूच्या खिडक्या तर खिळे ठोकून बंद केलेल्या. धैर्यशील कुठून ना कुठून उगवायचाच. कधी ताकाचा तांब्या घेऊन, कधी टेपचं दुसरं टोक धरायला.

"टेप ताठ धरा," मी म्हणायची.

"ताठच हाय. तुमचाच हात हलतोय."

हलत होता. मी टेप सोडून दिली.

"घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?"

"बघती की. जेवायला."

"मग जा ना."

"जातो. ताक तेवढं संपवा, तांब्या परत न्यायचाय."

मी ताक घोटाघोटाने, मुद्दाम सावकाश संपवायची. नंतर स्वतःचाच राग यायचा. दुसऱ्या बाईचा नवरा, आणि मी त्याच्या ताकावर रेंगाळतेय. सांगलीपर्यंत स्वतःला बोल लावत यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप पर्समध्ये टाकायची.

ग्रामसभेच्या आदल्या दुपारी मला ऑफिसात बसवेना. एकदा शेवटचं बोलावं म्हणून थेट भट्टीवर गेले. मैदानभर कच्च्या विटा वाळत घातल्या होत्या. मी स्कूटी लावते न लावते तोच वारा सुटला, आभाळ काळं झालं आणि टपोरे थेंब पडू लागले. वळीव. कच्च्या विटेला पाणी लागलं की तिचा नुसता चिखल होतो, एवढं मलाही माहीत होतं. माणसं पळत होती. धैर्यशील प्लास्टिकचा भला मोठा कागद एकटाच ओढत होता आणि दुसरं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. मी पर्स टाकली आणि ते टोक धरलं.

"सोडा, मॅडम. ज्या इटा तुमाला नगं झाल्यात, त्याच वाचवतायसा व्हय?"

"गप्प बसा आणि ओढा."

आम्ही ओढलं. केस डोळ्यांवर, पाय चिखलात. मध्येच त्याचा हात माझ्या हातावर आला आणि वारा थांबल्यावरही क्षणभर तिथेच राहिला. तेवढ्यात एक कामकरी ओरडला, "विजयाकाकी आल्या."

मी हात झटकन काढला. ही विजया मी किती वेळा मनात रंगवली होती. गोरी, नाजूक, मोठ्या डोळ्यांची. प्रत्यक्षात आली ती साठीची बाई, पदर खोचलेली, दोन्ही हातांत दगड.

"धैर्या, काठाला दगूड ठेव आदी. आन ही पोरगी कोण भिजतीया?"

मी त्याच्याकडे वळले. "ह्या… तुमच्या आई?"

"मग कोण? इटंवरची विजया. वडिलांनी टाकलेलं नाव हाय ते. त्येंच्या आदी आजीच्या नावाची वीट हुती."

"आणि तुमच्या बायकोचं?"

"हुईल तवा टाकू." त्याने कपाळावरचं पाणी निपटलं. "का ओ?"

"काही नाही. सहज."

पावसात माझं हसू कुणाला दिसलं नसेल, असं मला वाटलं. त्याला दिसलं होतं. त्याचा एक गाल हसला, आणि मागाहून दुसरा.

पण घरी परतताना जिवाची घालमेल आणखीच वाढली. विजयाकाकींनी त्याच शाळेत वर्षानुवर्षं पोरांची खिचडी शिजवली होती. त्यांचं नाव त्या भिंतीत जायचं होतं आणि मध्ये मी उभी होते. बोलायला गेले होते ते न बोलताच आले. ठराव पडला तर शाळा जाणार होती. झाला तर… तो पुन्हा माझ्याकडे बघून हसेल?

ग्रामसभेत धैर्यशील उभा राहिला.

"आईनं हितं जल्मभर खिचडी शिजवली. तिचं नाव शाळंत ऱ्हावं, एवढंच माझं म्हणणं हाय. भाजलेल्या इटंला सरकार न्हाई म्हणत असंल तर…"

"धैर्या, बस खाली." बायकांच्या बाजूने विजयाकाकी उठल्या होत्या. "खिचडीत काजळी पडायची. ती कुठनं यायची? आपल्याच भट्टीची. येचून येचून टाकायची मी. पोरं खोकायची म्हणून त्या खिडक्यांस्नी खिळं मारलं, तेबी बघितलं. घर चालत हुतं, म्हणून तोंड उघाडलं न्हाई. माझं नाव भिंतीत नगं मला. त्या खिडक्या उघडू द्या."

धैर्यशीलने त्या खिडक्यांकडे वळून बघितलं. मग त्याने हात वर केला. त्याच्यामागे एकेक करत पोरांचे हात वर गेले.

ठराव झाला. सभा संपल्यावर मी त्याला शोधलं. तो माझ्याकडे न बघता निघून गेला होता.

पावसाळा मला खायला उठला. फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. कुणाचाही वाजला की माझाच वाटायचा. टेबलावर ती वीट होती. ऑफिसात येणारा प्रत्येक जण विचारायचा, ही विजया कोण? मी म्हणायची, आहे एक. मला तो हवा होता. ताकाचं, टेपचं निमित्त नको, नुसता तोच हवा होता, आणि हे कळायला त्याला रागावून जावं लागलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. मी पाणंदवाडीला पोहोचले तर शाळेच्या आवारात तोच ट्रॅक्टर. ट्रॉलीतून एक यंत्र उतरलं होतं आणि धैर्यशील त्यात माती भरत होता.

"हे काय?"

"ठोकळं कराय शिकून आलोय. पावसाळा सगळा त्यातच गेला." त्याने दांडा खाली ओढला. "भट्टी एकदम बंद न्हाई व्हायची. पण औंदा शाळंपास्नं लांब न्हेतोय."

"एक फोन करता आला असता."

"काय बोलायचं हुतं? आईनं भर सभेत मला आरसा दावला. काहीतरी करून दावल्याबिगर तुमच्याम्होरं यायची लाज वाटत हुती."

"आणि मी इकडे रोज वाट बघत होते, धैर्यशील."

त्याचे हात थांबले. मग त्याने यंत्राचं झाकण उघडलं आणि ओला ठोकळा अलगद उचलून माझ्यासमोर ठेवला. वरची बाजू कोरी होती.

"शिक्का अजून केला न्हाई," तो म्हणाला. "आई म्हणती, तिचं नाव आता निवृत्त झालं. दुसरं… विचारून टाकायचं."

त्याने खिशातून एक खिळा काढला. गंजलेला, वाकडा. मी बघताक्षणी ओळखला. भट्टीच्या बाजूच्या खिडकीचा होता.

"माझ्या बाबांना पटवणं सोपं नाही," मी म्हटलं.

"आईला घिऊन येतो सांगलीला. ती बोलाय लागली की सगळी गप बसत्यात."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी खिळा घेतला. एका जागी कधी न टिकणारा माझा हात त्या मातीवर टेकला आणि सावकाश अक्षरं काढत गेला — वल्लरी.

तो वाकून वाचत राहिला. मग हळू म्हणाला, "नीट विचार करा. वलं हाय तवर पुसता येतंय. वाळल्यावर न्हाई पुसायचं."

"वाळू दे," मी म्हटलं.