ओठ शिवण्याआधी

बार्शीकडून आलेली छोटी गाडी येडशीच्या स्टेशनात थांबली. शरणबसप्पा घाईनं उतरला, आणि त्याच्या हातातल्या पेटीची कडी निसटली. चिमटे, कानशी, डब्या फलाटभर पसरल्या. बारीक चकचकीत तारेचं एक भेंडोळं घरंगळत गेलं ते थेट शिवगंगेच्या पायाशी.

शिवगंगा आपल्या मावशीला गाडीत बसवायला आली होती. एका हातानं तोंडावरचा पदर सावरत तिनं भेंडोळं उचललं.

“सतारीची तार हाय का?”

“नाही… दातांची.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता पदर सुटला. तिचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता, आणि त्या फटीतून समोरचे दात पुढं आले होते. लोक एकदा बघत आणि चटकन नजर वळवत. हा मात्र बघतच राहिला.

“काय बघताय?”

“दात,” तो म्हणाला. “ते मागं नेता येतील. मग ओठही शिवता येईल.”

तिनं भेंडोळं त्याच्या हातात कोंबलं आणि ती तरातरा निघून गेली. पण संध्याकाळी तिनं वडिलांना, गुरुसिद्धप्पांना, तो माणूस कोण म्हणून विचारलंच.

तो मुरुमचा होता. मुंबईत दातांची डॉक्टरी शिकून उस्मानाबादेत दवाखाना घालायला आला होता, आणि वाकडे दात तारेनं सरळ करणं हे त्याचं खास काम. मोठ्या दवाखान्यातले सर्जन डॉ. मकबूल यांच्याशी त्याची लवकरच गट्टी जमली. गुरुसिद्धप्पा लेकीला घेऊन गेले, तेव्हा दोघांनी मिळून तिला तपासलं. डॉ. मकबूल म्हणाले, आत्ता ओठ शिवला तर पुढं आलेले दात टाके उसवतील. आधी दात मागं गेले पाहिजेत. “पहले आप, बाद में हम,” ते शरणबसप्पाला म्हणाले.

मग शिवगंगा वडिलांबरोबर मोटारीनं उस्मानाबादेला येऊ लागली. तिच्या दातांवर तार बसली. तारेला अडकवायची एक रबराची कडी होती, ती तिनं रात्रंदिवस घालायची, जेवताना तेवढी काढायची. गुरुसिद्धप्पा बाहेर ओसरीवर बसत, कधी बाजारात जात. आत खुर्चीत ती तोंड उघडून, आणि तो वाकलेला… त्याच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा.

“दुखतं?”

ती मान हलवायची. तोंडात आरसा असताना काय बोलणार? मग आरसा निघाला की सगळं एकदम बोलायची. मुरुमच्या बाजारात चांगल्या शेंगा मिळतात का, मुंबईला समुद्राचा आवाज घरात येतो का, तुमच्या घरात तुमच्यासाठी पोरी बघत असतील न्हाय का—

“बघतात,” तो म्हणायचा. “मी दात तपासून नापास करतो.”

ती हसायची, आणि त्याच्यासमोर पदर तोंडावर घ्यायचा राहून जायचा.

उन्हाळा सरत आला तरी दात जिथल्या तिथं. डॉ. मकबूल दर खेपेला विचारायचे, आणि शरणबसप्पा म्हणायचा, अजून थोडे दिवस. एकदा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. काळ बरा नाही, रझाकारांनी मुलूख पेटवलाय, आपण इथं किती दिवस असू सांगता येत नाही. मुलगी लवकर तयार करा, असं ते म्हणाले. त्यानं मान डोलावली. त्या खेपेलाही शिवगंगेच्या दातांकडं बघून तो काही बोलला नाही. तार थोडी आवळली आणि पुढची तारीख दिली.

सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गाड्या, मोटारी बंद झाल्या. सगळं शांत होऊन शिवगंगा पुन्हा उस्मानाबादेला आली, तेव्हा डॉ. मकबूल बायकामुलांना घेऊन हैदराबादेला निघून गेले होते. ते परतणार नव्हते. तसली शस्त्रक्रिया करणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं.

गुरुसिद्धप्पा ओसरीवर डोकं धरून बसले. आत शिवगंगा खुर्चीत बसलीच नाही.

“कडी मीच काढून ठेवत व्हते,” ती म्हणाली. “दात सरळ झाले असते तर… इथं यायचं थांबलं असतं.”

“मला माहीत होतं.”

“मग बोलला का न्हाय?”

“मलाही ते थांबायला नको होतं.”

तिचा चेहरा उजळला. तिनं धीर केला.

“मग आता ओठ असाच ऱ्हायला… तर चालंल तुम्हाला?”

त्याची नजर तिच्या ओठावर गेली. मग खाली बघत म्हणाला, “मिरजेला एक सर्जन आहेत. मी त्यांच्याशी बोलतो. आधी ते होऊ दे, मग—”

“मग काय?”

तो चिमटे पेटीत ठेवू लागला.

त्या दिवसापासून शिवगंगेनं रबराची कडी इमानानं घातली. खुर्चीत बसायची, तोंड उघडायची, आणि आरसा निघाला की उठायची. शेंगा, समुद्र, काही नाही. थंडी संपेपर्यंत दात ओळीत आले. कोणता दात कुठून कुठं नेला, ते शरणबसप्पानं मिरजेच्या सर्जनना सविस्तर कळवलं. गुरुसिद्धप्पा लेकीला घेऊन गेले. टाके सुरेख बसले. दाताचं काम ज्यानं केलंय त्याचा हात चांगला आहे, असं मिरजेच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं.

ती येडशीला परतली आणि आठवड्याच्या आत शरणबसप्पा घरी आला. स्वच्छ कोट, बरोबर मुरुमचे काका. घरं एकाच समाजाची, मुलगा शिकलेला. गुरुसिद्धप्पांना आनंद लपवता येईना. त्यांनी लेकीला बाहेर बोलावलं.

ती आली. तो उभा राहिला. तिच्या ओठाकडं त्यानं पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

“आता इचारायला आलात,” शिवगंगा ओठ फारसा न हलवता म्हणाली. “तवा म्या इचारलं व्हतं.”

“शिवगंगा, मी—”

“तवा ‘व्हय’ म्हणाला असता, तर ह्या ओठासकट जलमभर तुमची झाले असते. आता न्हाय.”

वडील रागावले, काकांनी समजूत घातली. ती आत निघून गेली. थोड्या वेळानं टांगा स्टेशनाकडं वळल्याचा आवाज आला.

मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर ओठ ताणायचा नाही. हसायचं नाही, रडायचं नाही. हसायचा प्रश्नच नव्हता. शिवगंगा माजघरात भिंतीला टेकून बसली, दोन बोटं ओठावर दाबून धरली, आणि ओठ जराही हलू न देता रडू लागली.