नकाशाला घातलेली दुमड

अक्कांच्या शिवणाच्या दुकानात त्या सकाळी शाळेचा जुना कापडी नकाशा आला. काठ उसवले होते, एवढंच काम. अक्कांनी तो मशीनवर पसरला आणि सुनेला हाक मारली.

"लेक कुठं राहते माझी, दाखव. आणि आपण कुठं?"

सुनेनं दोन बोटं ठेवली. "अकरा हजार किलोमीटर, आई. मधल्या गावी विमान बदलायचं, चार तास बसायचं. सगळे मिळून एकोणीस तास. ताई आज सकाळी निघाल्यात, पोचतील उद्या."

सहा वर्षांनी लेकीला रजा मिळाली होती, तीही तीन दिवसांची. त्यातले दोन हवेतच जाणार. अक्कांनी टेप लावली.

"चौदा इंच! चौदा इंचांना एकोणीस तास? आणि मधे हे एवढं निळं कशाला? मी असं ढगळ शिवलं असतं, तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं."

रागाच्या भरात त्यांनी ते निळं चिमटीत धरलं, दोन्ही शहरं शेजारी आणली आणि टीप मारली. मधलं गाव दुमडीत गेलं. उसवू नंतर, म्हणाल्या.

जेवणाची भांडी आवरायच्या आत लेक दारात उभी!

"अगं, तू उद्या ना येणार होतीस?"

"उद्या कशाला? सव्वा तासाचं तर विमान. बूट काढले, तोवर उतरा म्हणाले."

"नेहमी तेवढाच लागतो की, आई," सून म्हणाली.

"मग सहा वर्षं काय पाय मोडले होते हिचे?"

लेक हसता हसता थांबली. "तेच कळत नाही बघ."

पण ते तेवढ्यापुरतंच. तीन दिवस घर नुसतं दणाणून गेलं. अक्कांनी लेकीचं माप घेतलं, कंबर दोन इंच वाढली म्हणून यथेच्छ टोमणे मारले आणि रात्री तिच्या केसांना तेल लावलं. लेक म्हणाली, "आता दर शनिवारी येते बघ." अक्कांना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला तोंड पुरेना.

तिसऱ्या दुपारी शाळेच्या गुरुजींचा निरोप आला: नकाशा न्यायला येतोय.

अक्कांना एकदम आठवलं. सहा वर्षांपूर्वी जाताना लेक मधल्या गावी रडत बसली होती, तेव्हा तिथल्या चहावालीनं स्वतःची खुर्ची तिला दिली होती. फोनवर शंभरदा सांगितलेली गोष्ट.

"ती चहावाली भेटली का गं?"

"कुठली?"

"तुला खुर्ची देणारी. मधल्या गावची."

"मधे गावच नाही, आई," लेक म्हणाली आणि आत बॅग भरायला गेली.

अक्कांनी कात्री घेतली. दुमड हाताला गार लागली. दमट.

त्यांनी कान लावला.

कपात चमचा फिरत होता. एक बाई हलक्या आवाजात कुणाला तरी विचारत होती, "अजून उजाडलं कसं नाही हो?"

"आई!" आतून लेक ओरडली. "शनिवारी लवकर येऊ की उशिरा?"

अक्कांनी कात्री खाली ठेवली.

"लवकर ये," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या टिपेला लागून दुसरी मारली. पक्की.

मशीन थांबलं, तसा दुमडीतला चमचाही थांबला. पलीकडं कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.