आखूड घोंगडं

रखमाजीला त्या दुपारी झोप लागली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण झोप ही त्याची जुनी सोबतीण. जवळा बाजारच्या शिवारात, रस्त्यालगतच्या बाभळीखाली त्यानं मेंढरं चरायला सोडली, तोंडावर पटका ओढला आणि डोळे मिटले. तेवढ्यात परभणीची मोटार भोंगा वाजवत, धुरळा उडवत गेली. दिवसातून ती एकच मोटार त्या रस्त्यानं जायची आणि मेंढरांना अजून तिची ओळख पटलेली नव्हती. मेंढरं उधळली आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्याच कळपात जाऊन मिसळली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा एक मुलगी दोन्ही कळपांच्या मधोमध उभी होती. विशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, काष्टा घट्ट खोचलेली. तोंडानं ‘हुर्र... हुर्र’ करत ती आपली मेंढरं वेगळी काढत होती. आणि हात? हात लोकर कातत होते. खांद्यावर लोकरीचा पुंजका आणि बोटांखाली गरगरणारी चाती, म्हणजे सूत कातायची साधी लाकडी फिरकी. मेंढरू वळवायला ती पाय आपटायची, गुडघ्यानं ढकलायची, पण चाती थांबत नव्हती.

“झोप झाली का?” तिनं वळून न बघता विचारलं.

“झोप न्हाई... जरासा डोळा लागला व्हता.”

“मंग तुमची मेंढरं तुमाला वळखू येतील नव्हं? का तीबी मीच निवडून देऊ?”

रखमाजी लाजला. लाजला आणि बघतच राहिला. “हे हात जरा थांबत काहून न्हाईत तुझे?” त्यानं विचारलं.

“हातांना काय कळतंय?” ती म्हणाली. “त्यांना जे लावलं, ते करून राहिले.” आणि आता कुठं तिनं वळून पाहिलं, गालातल्या गालात हसली. रखमाजीची झोप उडाली ती तेव्हापासून.

मुलीचं नाव मनकर्णा. गोरेगावकडच्या दगडोबाची ती एकुलती एक लेक. दिवाळी झाली की दगडोबा मेंढरं घेऊन इकडे उतरायचा. शेतकऱ्यांच्या रानात कळप बसवायचा, रानाला खत व्हायचं आणि त्याला वर्षाचं धान्य मिळायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बरोबर विधवा बहीण अनुसयाबाई आणि ही लेक. लेक गेली तर कळपाचं कसं, या विचारात बापानं तिचं लग्न लांबवत आणलं होतं.

रखमाजीचंही घर मेंढरांचं आणि थोड्या शेतीचं. पोरगा मनानं साखर, पण कुठलंही काम शेवटाला न्यायचं त्याला वावडं. घरात अर्धी विणलेली गोफण होती, अर्धी कोरलेली बासरी होती, आणि मेंढरांच्या वाड्याचं कुंपण एका बाजूला अजून उघडंच होतं. त्याची आई सत्यभामाबाई म्हणायची, “माझ्या पोराचा आरंभ लई सुरेख असतो.” पुढचं ती बोलायची नाही.

आता मात्र रोज दुपारी दोन्ही कळप त्याच बाभळीजवळ यायला लागले. मेंढरांनाच तिकडची ओढ लागली, असं रखमाजी सगळ्यांना सांगायचा. एका दुपारी त्यानं धीर केला. “मनकर्णा... तुझ्या बाकडं आईला धाडलं तर?”

चातीचा वेग किंचित वाढला. “बा एकच इचारंल. लग्नात बसायचं घोंगडं कुठं हाय?”

त्यांच्यात एक जुनी रीत होती. नवरानवरीनं बसायचं ते नवऱ्यानं स्वतः कातलेल्या लोकरीच्या घोंगड्यावर. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली होती, घोंगडी विणणाऱ्या सणगराकडून तयार घोंगडं आणत होते. दगडोबानं सोडली नव्हती.

“एवढी लोकर?” रखमाजीचा चेहरा उतरला. “माझ्यानं व्हणार न्हाई.”

“घोंगडं कोण म्हणतंय? घोंगड्याचं नावच काढायचं न्हाई.” तिनं कमरेची दुसरी चाती काढून त्याच्या हातात ठेवली. “मोटार गेली की ही हातात घ्यायची. वावभर, दोन हात पसरले की मावंल एवढंच, सूत काढायचं. नकोसं वाटलं तर ठेवून द्यायची. पर मोटार गेली आन् चाती घेतली न्हाई... असं व्हऊ द्यायचं न्हाई.”

“आन् वावभरच काढलं तर घोंगडं कवा व्हणार?”

“वावभर काढून थांबून तर बघा,” ती म्हणाली, आणि डोळे मिचकावून मेंढरांमागं गेली.

काय शहाणी मुलगी! रखमाजीला ते पुढं कळलं. सुरुवातीचं सूत म्हणजे नुसत्या गाठी. तुटायचं, गुंतायचं, ती हसायची. पण भोंगा वाजला की हात कमरेला जायचा, आणि एकदा चाती फिरली की थांबवावीशी वाटायची नाही. दुपारची झोप कुठं गेली ते त्याचं त्यालाच समजलं नाही. जागा राहिला तशी मेंढरं चुकेनाशी झाली. रिकामी दुपार हाताशी आली, तसं एक दिवस त्यानं कुंपणही पुरं केलं. सत्यभामाबाईनं ते दोनदा हात लावून पाहिलं आणि ही मनकर्णा कोण, ते विचारून घेतलं.

होळीनंतर दगडोबाचा तळ हलला. सत्यभामाबाईनं शब्द टाकला होता. दगडोबा तोडून बोलला नाही. “पुढल्या खेपेला येऊ. घोंगडं दाखवा, मंग बोलू. हट्टा गावाहून बी एक पोरगा सांगून आलाय, त्याला तवाच उत्तर देईन.”

निघताना मनकर्णा बाभळीपाशी थांबली. “मी न्हाई, तरी मोटार येईल,” एवढंच म्हणाली. डोळे भरले होते, आणि चाती—पहिल्यांदाच—थांबली होती.

उन्हाळाभर रखमाजी कातत राहिला. सूत बारीक होत गेलं, गाठी सरल्या. पण आषाढात रस्त्याचा चिखल झाला आणि मोटार यायची बंद झाली. भोंगा नाही, आठवण नाही. त्यातच बाजारात कुणीतरी सांगितलं की हट्ट्याची सोयरीक ठरली. रखमाजीनं चाती आढ्याला खोचली आणि पुन्हा बाभळीखाली आडवा झाला. झोप मात्र येईना.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका ढगाळ दुपारी, पडल्यापडल्या त्याला बोटांत काहीतरी हुळहुळलं. बघतो तर कोकराच्या अंगची सुटलेली लोकर त्याच्या बोटांनी केव्हाच पिळून घेतली होती आणि अंगठ्याभोवती चांगला सरळ धागा तयार झाला होता. मोटार नाही, चाती नाही, मनकर्णा नाही, तरी हात कातून राहिले होते. “हातांना काय कळतंय...” तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याला रडू आलं. ती परक्याची झाली असली, तरी तिनं लावलेलं हे आता आपलं होतं, एवढं त्याला पक्कं समजलं. तो उठला, घरी गेला आणि आढ्याची चाती काढली.

दिवाळी जवळ आली तेव्हा सूत सणगराकडे दिलं. ज्या क्रमानं कातलं त्याच क्रमानं आडवा धागा भरा, असं बजावून सांगितलं. पण मधले दिवस वाया गेलेले. सूत संपलं आणि घोंगडं आखूड राहिलं. सत्यभामाबाईनं आपल्या हातचं मऊ सूत पुढं केलं. “घे रे लेकरा. कोणाला कळतंय?”

रखमाजीनं ते सूत हातात घेतलं, थोडा वेळ धरलं, आणि परत तिच्या ओटीत ठेवलं. “ऱ्हाऊ दे आई. माझं जेवढं हाय तेवढंच नेतो.”

दगडोबाचा तळ पुन्हा पडला. मनकर्णा तिथं होती, चुलीशी, खाली मान घालून. सोयरीक ठरली-बिरली नव्हती, बाजारातली नुसती आवई. पण हट्ट्याचा निरोप्या सकाळीच येऊन बसलेला होता. रखमाजीनं सगळ्यांसमोर घोंगडं पसरलं.

दगडोबानं डोळे मिटले आणि एका काठापासून तळहात फिरवायला सुरुवात केली. “गाठीच गाठी,” तो पुटपुटला. “ह्या माणसाला मी वळखतो. बाभळीखाली झोपायचा.” हात पुढं सरकला, आणखी पुढं, दुसऱ्या काठाला आला आणि तिथं रेंगाळला. “हा कोण, ते मला ठाऊक न्हाई. पर हात बराबर चाललाय.” मग त्यानं डोळे उघडले. “आखूड काहून?”

“हट्ट्याचं ऐकलं आन् चाती ठेवून दिली व्हती,” रखमाजी म्हणाला. “मंग ऱ्हावलं न्हाई. आई सूत देत व्हती, म्या घेतलं न्हाई.”

मनकर्णानं मान वर केली होती. दगडोबा घोंगड्याकडं बघत होता, निरोप्या दगडोबाकडं.

“आखूड कुठं हाय?” अनुसयाबाई चुलीपासून म्हणाली. “दोघं जरा जवळ सरकून बसले की बराबर पुरतंय.”

दगडोबा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण मेंढरांची कुत्री वळून बघायला लागली. मग निरोप्याकडं वळून म्हणाला, “हट्ट्याला माझा रामराम सांगा.”

लग्नात दोघं त्याच घोंगड्यावर बसले. पुरत नव्हतंच ते. खांद्याला खांदा लागत होता. विधी चालू असतानाच दूर रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला आणि रखमाजीचा हात आपसूक कमरेकडं गेला. तिथं आज चाती नव्हती.

“काय शोधता?” शेजारी बसलेली नवी नवरी हळूच कुजबुजली.

“काय न्हाई... मोटार गेली.”

मनकर्णानं पदराआडून हात पुढं केला आणि त्याच्या रिकाम्या बोटांत आपली बोटं दिली. “मंग आजपासून ही धरा,” ती म्हणाली. “रोज.”