आबांची रेघ

"अक्का, इंजिनाला हात लावू नको. चहा ठेव आणि जा."

उदयसिंह काही रागानं बोलला नव्हता. उघड्या बॉनेटखालून मानसुद्धा वर न काढता, दारात पाय पुसून ये म्हणावं इतक्या सहज तो बोलून गेला. पण बनाबाईंच्या हातातला कप बशीत किणकिणला... पन्नास वर्षं हेच वाक्य त्या ऐकत आल्या होत्या, आणि अजूनही ते कानावर पडलं की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपसूक मिटत. चहा मडगार्डवर ठेवून त्या मागं सरल्या. मात्र आत गेल्या नाहीत. गाडीच्या उजव्या अंगाला, मांडणी आणि मडगार्ड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या घरामागं, पत्र्याच्या शेडमध्ये आबांची, म्हणजे बनाबाईंच्या वडिलांची, फियाट उभी होती. एके काळी ती कोल्हापूर ते गगनबावडा टॅक्सी म्हणून धावायची. पुण्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन धाकटा भाऊ उदयसिंह परत आला आणि वर्षभर खपून त्यानं ती गाडी पुन्हा उभी केली. आता त्याची मुलगी तेजस्वी सुट्टीवर आली होती, आणि उद्या आजोबांच्याच रस्त्यानं ती गाडी नेणार होती.

"आणि सेल्फ नाही मारायचा हं पप्पा! आजोबांसारखं पुढून हँडल मारूनच चालू करणार."

"मार की. पण आधी टायमिंग लागू दे."

बॉनेटच्या कडेला आबांची लाकडी पेटी उघडी पडली होती. तीत फट मोजायची फिलरची पाती होती. ज्याची मूठ कानाला लावून आबा इंजिनाची छाती तपासायचे तो लांब स्क्रूड्रायव्हर होता. आणि सिगारेटच्या कागदाचं एक पिवळं पडलेलं पाकीट होतं. आबांनी जन्मात सिगारेट ओढली नाही. तो कागद इंजिनासाठी होता!

दर रविवारी ते काम चाले. ठिणगी पाडणाऱ्या दोन पॉइंटांच्या मध्ये सोळा वर्षांची बना तो तलम कागद चिमटीत धरी आणि आबा हँडल हळूहळू फिरवत. पॉइंट उघडले की कागद अलगद सुटून हातात येई, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या पुलीवरची खूण जागेवर यावी लागे. खूण यायच्या आधी कागद सुटला, तर ठिणगी लवकर पडणार, हँडल उलटं उसळणार आणि मारणाऱ्याचं मनगट मोडणार. "बनीच्या चिमटीत देव हाय," आबा म्हणायचे. एकदा ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर इकडंतिकडं फिरवून सगळं जुळवलं, तेव्हा त्यांनी कानशीनं त्याच्या कडेवरून खाली इंजिनापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रेघ अखंड, तर टायमिंग बरोबर.

आणि मग तो सोमवार उजाडला...

आबांनी पहाटे हँडल मारलं आणि ते उलटं उसळलं. मनगटाचा आवाज बनानं चुलीपाशी ऐकला. आबांना दवाखान्यात नेलं, घर मोकळं झालं, तेव्हा तिनं बॉनेट उघडून पाहिलं. रेघ बाजरीच्या दाण्याएवढी सरकून तुटली होती! गाडीच्या डाव्या बाजूला घडवंची ओढलेली होती, आणि मडगार्डवर काळ्या तेलाची पाच इवलीशी बोटं उमटली होती. नऊ वर्षांचा उदय आदल्या दुपारीच आईबरोबर गडहिंग्लजला आजोळी गेला होता.

बनानं परकराच्या टोकानं ती बोटं पुसली. संध्याकाळी आबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मीच फिरवलं, आबा."

आबांचं मनगट वाकडंच जुळलं. टॅक्सी बंद झाली. पेठ वडगावचं ठरत आलेलं स्थळ निरोप पाठवून मोकळं झालं, बापाचा हात मोडणारी पोर आमच्याकडं नको! मग बना शिलाई मशीनवर बसली ती बसलीच. तिच्या टाक्यांवर उदय इंजिनिअर झाला. त्यानं अक्कावर माया केली, दर दिवाळीला लुगडं आणलं, दुखण्याखुपण्याला धावून आला. फक्त गाडीला हात लावू दिला नाही. बनाबाईंनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या मनात एकच काटा होता, आणि तो लग्न मोडल्याचा नव्हता. पोर खेळलं, तसंच टाकून गेलं, आणि विसरूनही गेलं... एवढंच कधीतरी सलायचं.

"जुळली!" उदयसिंह डाव्या मडगार्डवर ओणवा होत म्हणाला. "रेघ तंतोतंत जुळली बघ. घे गं, हँडल घे."

तेजस्वीनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. अंगठा आत, मूठ गच्च.

बनाबाईंनी खांबापासून एक पाऊल पुढं टाकलं आणि त्या थबकल्या. त्यांच्या बाजूनं रेघ तुटलेली दिसत होती... बाजरीच्या दाण्याएवढी! बोलावं, तर पन्नास वर्षं झाकून ठेवलेलं उघडं पडेल. न बोलावं, तर त्या कोवळ्या मनगटाचं...

"तेजू, सोड ते हँडल."

"काय झालं आत्ती?"

"आधी कागद लावून बघा. टायमिंग लवकर हाय."

उदयसिंहाची मान वर आली. "अक्का, परत सुरू झालं व्हय तुझं? आबांचा एक हात पुरला न्हाय?"

"पप्पा!" तेजस्वी ओरडली.

हळू पण ठाम आवाजात बनाबाई म्हणाल्या, "मी न्हाय हात लावत. तूच धर कागद. तेजू फिरवंल हळूहळू, अंगठा बाहेर ठेवून. चावी बंद हाय न्हवं? मग झालं तर."

कुरकुरत उदयसिंहानं कागद लावला. तेजस्वी फिरवू लागली. अर्धा फेरा, पाऊण... आणि कागद चिमटीत सुटून आला. खूण अजून चांगली दोन बोटं मागं होती.

"असं कसं? रेघ तर जुळलीय!"

"तिकडनं जुळलेलीच दिसती ती," बनाबाई म्हणाल्या. "डिस्ट्रिब्युटरवरचा रेघेचा तुकडा पुढं, इंजिनावरचा मागं. तिरकं बघितलं की डोळा फसतो. आबा कायम इकडनं बघायचे."

उदयसिंह वळसा घालून आला, पोट आत ओढून त्या चिंचोळ्या जागेत शिरला, वाकला. पुन्हा डावीकडं गेला. पुन्हा उजवीकडं आला. तिसऱ्यांदा डावीकडं गेला तो तिथंच मडगार्ड धरून उभा राहिला. त्याचा चेहरा बघता बघता पांढराफटक पडला.

"अक्का... मी तवाबी इकडनंच बघितलेलं."

बनाबाईंची नजर त्याच्या मडगार्डवरच्या बोटांवर गेली.

"स्टँडवर कुणीतरी म्हणालतं, जरा फिरवलं की गाडी पळती. मी घडवंचीवर चढून फिरवलं. मग भ्यालो. परत जुळवलं, अक्का! रेघ जुळलेली बघूनच मी गडहिंग्लजला गेलतो. म्हणून तू फिरवलंस म्हणाल्यावर मला खरंच वाटलं... माझ्यानंतर तू फिरवलं असशील..." त्यानं मान वर केली. "तुला ठावं होतं?"

"घडवंची तिथंच होती रे."

"मग बोलली का न्हाईस? तुझं लगीन मोडलं... मी जन्मभर तुला..."

"नऊ वर्सांचं पोर. बापाचा हात मोडल्याचं ओझं कसं वागवणार होतं?"

एकोणसाठ वर्षांचा तो गृहस्थ त्या तेलकट जमिनीवर बसला आणि बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला! बनाबाईंचे डोळे झरत होते, पण ओठांवर एक नवलाचं हसू उमटलं होतं.

"उदा, तू परत जुळवलंतंस?"

"व्हय की, अक्का."

"हे मला ठावंच न्हवतं बघ," त्या त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "मी समजत होते, तू तसंच टाकून गेलास. एवढं एक कळलं, लई झालं."

तेजस्वीनं ओढणीनं डोळे पुसले. "पप्पा, उठा. आत्ती, आता कागद तुम्ही धरा. पप्पांच्या चिमटीचं काय खरं दिसत नाही."

उदयसिंहानं पाकिटातला एक कागद काढला आणि बनाबाईंच्या हातात दिला. त्यांची बोटं उघडली. पॉइंटांपाशी पोचल्यावर ती स्थिर झाली. तो हँडल फिरवायला बसला.

"अंगठा बाहेर, उदा."

डिस्ट्रिब्युटर जरा जरा सरकवून बघितला, दोन वेळा चुकलं. तिसऱ्या वेळी खूण जागेवर आली आणि कागद अलगद सुटला. उजवीकडून रेघ अखंड दिसत होती.

"ही खोडून दुसरी ओढू का, दोन्हीकडनं दिसणारी?" उदयसिंहानं विचारलं.

"नको. आबांची हाय. कुठनं बघायची, तेवढं पोरीला शिकव."

तेजस्वीनं हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्याला फियाट खोकली आणि मग संथ, समाधानानं चालू झाली. उदयसिंहानं मडगार्डवरचा गार चहा एका घोटात संपवला, पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि अक्कापुढं धरला.

बनाबाईंनी त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतंय आत्ती?"

"उद्या घाट चढीन म्हणतंय," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "पण बनीला पुढच्या सीटवर बसवा म्हणतंय."