स्वावानं घातलेला अडसर

शेगडीत अजून दोन लाकडं सारा रे पोरांनो. आणि ते दार नुसतं ओढून घ्या, अडसर नको. का नको, तेच सांगतो. हे कुठे ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ काढायची गाडी घेऊन त्या घरी मीच गेलो होतो.

गेल्या डिसेंबरची एकवीस तारीख. रिव्हर्टन गावाच्या उत्तरेला, सरोवराच्या काठावरचं शेवटचं घर. त्या घरच्या पोरीला, स्वावाला, सुट्टीवर येऊन तिसरा दिवस. पोर लांब समुद्रकाठी, व्हिक्टोरियाला शिकायला होती, तिथला हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. चार महिन्यांत इथली थंडी अंगातून पार निघून गेली होती. त्या दुपारी ती न्हाऊन ओल्या केसांनीच लाकडं आणायला गेली आणि केस काड्यांसारखे ताठ करून परत आली.

तिचा थोरला भाऊ स्काप्ती हसून हसून वाकला. "आल्या बघा समुद्रकाठच्या बाईसाहेब! उद्या छत्री घेऊन जा बर्फावर!"

"गप रे! वजा अडतीसमध्ये बर्फाखालची जाळी ओढायला निघालेला शहाणा तूच!"

"एकच जाळं राहिलंय. सहापर्यंत येतो." बूट चढवता चढवता तो थांबला. "आई रात्रपाळीला गेलीय. तू एकटी आहेस म्हणून अडसर घालू नकोस हं."

"माहितीये. बेनसी येईल ना!"

बेनसी हा त्या घराचा जुना मालक. सत्तर वर्षांपूर्वी जाळ्यांवरून धाकट्या भावाशी जुंपली, तेव्हा त्यानं त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं डोकं फुटेस्तोवर हाणलं, बाहेर ढकललं आणि लोखंडी अडसर घातला. धाकटा रात्रभर दार बडवत राहिला. सकाळी लोकांनी त्याचं प्रेत दारावरून खरवडून काढलं, तेव्हाही बेनसी आत अडसर धरून उभाच होता. हातात राखाडी लोकरीचे हातमोजे. जुने कोळी घालायचे तसले, दोन-दोन अंगठ्यांचे. एक बाजू झिजली की फिरवून घालायचे. आता तसले कुणी विणत नाही. अडसर घातला की मेलेला बेनसी परत येतो म्हणतात, म्हणून त्यालाही पुन्हा कुणी हात लावला नाही.

स्वावाला हे सगळं पाठ होतं. पण सप्टेंबरात वसतिगृहात कुणीतरी रात्री तिच्या खोलीचं दार ढकलून पाहिलं होतं. तेव्हापासून एकटी असली की तिचा हात आपोआप कडीकडे जायचा. पाच चाळीसला वीज गेली, फोनही बंद पडला. वारा सुटला. तिनं मेणबत्ती लावली आणि जाता जाता अडसर सरकवला. तिचं तिलासुद्धा कळलं नाही.

सहा वाजून बारा मिनिटांनी दारावर धक्का बसला.

"स्काप्ती?"

पुन्हा धक्का. तिसऱ्याला फळी करकरली. भाऊ असता तर बोलला असता, असं तिला वाटलं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली...

मग बाहेरून, घोगरं, तुटकं... "स्वा... वा..."

स्काप्तीच होता. बर्फ फुटून तो पाण्यात पडला होता. ओल्या कपड्यांत मैलभर चालत आला होता. जबडा गोठला होता त्याचा. घराला दार एकच, खिडक्यांवर हिवाळ्याच्या फळ्या ठोकलेल्या.

तिनं अडसर ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. इंचभर सरकला...

आणि परत जागेवर गेला.

कुणीतरी तो आतून दाबत होतं. तिच्या हाताशेजारी. ओल्या लोकरीचा आणि माशांचा वास आला. श्वास नाही. नुसता वास.

बाहेरचे धक्के मंदावले. एक... बऱ्याच वेळानं अजून एक. मग काहीच नाही.

"सोड!" ती किंचाळली. "माझा भाऊ आहे तो! सोड, मेल्या!"

तिनं हिसडा दिला. तळहाताची साल लोखंडाला चिकटून निघाली. रक्त आलं. अडसर तसाच.

शेगडीपाशी कुऱ्हाड होती. तिनं उचलली. मेणबत्ती विझली. जिथे वास होता तिथे, अडसरावर, अंधारात तिनं घाव घातला. दुसरा घातला. ठिणग्या उडाल्या.

तिसरा लोखंडावर बसला नाही. मऊ कशावर तरी बसला...

अडसर सुटला. दार उघडलं आणि स्काप्ती आत कोसळला.

पोरगा वाचला. रात्रभर तिनं त्याला शेगडीपाशी छातीशी धरून ठेवलं होतं. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठे दोन्ही शाबूत आहेत, मी स्वतः पाहिलेत.

मुद्दाम पाहिले. कारण सकाळी त्याला गाडीत घालायला उचलताना माझ्या पायाखाली काहीतरी आलं. कुऱ्हाडीच्या पात्यापाशी पडलेला, राखाडी लोकरीचा, हातमोज्याचा कापलेला अंगठा. रात्रभर शेगडी धडधडत होती, तरी त्याच्यावर बर्फ होतं.

मी तो उचलला. दाबून पाहिला...

रिकामा नव्हता.